निळा दीड वाजता जेवायला जातो

माझ्या टेबलाखाली फुटक्या काचेची एक वेगळी बादली असते. झाडूवाला ती नेत नाही. म्हणतो, "अंकलजी, थैली फट जाती है, हाथ कट जाता है." मग ती साठत जाते. किश्श्यांचंही तसंच झालंय. घरी सांगायला जावं तर बायको म्हणते, "माणूस गेला, आणि तुम्हाला हसू कसलं येतंय?" बाहेर सांगावं तर दिल्लीत मराठी कळणारे कान किती? म्हणून साठले. आज बादली उलटी करतोय. जरा जपून, हाताला लागेल!

आधी मी कोण ते सांगतो. मी लाड. सातवी नापास. फिरोझाबादच्या भट्टीवर काच फुंकायला शिकलो आणि मामाच्या ओळखीनं दिल्लीत एका संस्थेत चिकटलो. केमिस्ट्रीवाल्यांना लागणारी वाकडीतिकडी काचेची भांडी मी बनवतो. रिटायर होऊन झाली काही वर्षं, पण अजून बोलावतात. एवढं फुंकणारा दुसरा मिळाला नाही म्हणून!

माझा कोपरा टिपणीस सरांच्या लॅबमध्ये. सर पुण्याचे, पण दिल्लीत केस पांढरे केलेले. त्यांच्या लॅबचा धंदा म्हणजे उजेड देणारी पावडर करणे. मला कळलं तेवढं सांगतो. मध्ये इरिडियम धातूचा एक अणू बसवायचा आणि त्याला तीन बाजूंनी कार्बनचे हात लावायचे. त्या पावडरीचा केसाहूनही पातळ थर काचेवर चढवून वीज सोडली, की तो थर पेटतो. तुमच्या मोबाईलचा स्क्रीन असल्याच थरांवर चालतो. हात बदलले की रंग बदलतो. लाल झाला, हिरवा झाला, जगभर झाला. निळा मात्र पेटतो आणि मरतो. सगळी बोंब निळ्याची!

हा निळा जगवायचं काम होतं रुबिनाकडे. रुबिना शेख, सोलापूरची, सरांची शेवटची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. मुनिरकात चौथ्या मजल्यावर एका खोलीत राहायची. त्या खोलीला खिडकी होती, पण खिडकी उघडली की समोरच्याची भिंत हाताला लागायची. दुसरा दलबीर, पानिपतचा, हिरव्यावर काम करणारा. सर, रुबिना, दलबीर आणि मी. एवढीच आमची पलटण.

*

आमच्या लॅबची एक रीत होती. नवी पावडर तयार झाली की कोणीतरी ओरडायचं, "बत्ती बंद!" पडदे ओढायचे, दिवे घालवायचे, आणि सगळ्यांनी बाटलीभोवती गोळा होऊन तिच्यावर जांभळा टॉर्च मारायचा. पावडर चमकली तर टाळ्या. नाही चमकली तर दिवे लावून आपापल्या कामाला. बारशाला जमावं तसे जमायचो.

एकदा दलबीरला हुक्की आली की आपणही निळा करून बघू. महिनाभर खपला बिचारा. मी काय केलं, त्याच्या बाटलीच्या जागी दुसरी तशीच बाटली ठेवली. आत पाणी आणि चमचाभर कपडे धुवायची पावडर. शर्ट पांढरे दिसावेत म्हणून त्या पावडरीत जे घालतात ना, ते जांभळ्या टॉर्चखाली असलं निळं पेटतं की बघत राहावं!

"बत्ती बंद!" टॉर्च मारला. दलबीर किंचाळलाच. "ओ तेरी! अंकलजी, देखो! देखो!" रुबिनाचे टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. चार वर्षं ती ज्याच्या मागे होती ते ह्यानं महिन्यात केलं? मला तिचं तोंड दिसत होतं, पण मी आपला टाळ्या वाजवत होतो.

सर आले. त्यांनी बाटली हातात घेतली, झाकण काढलं, वास घेतला.

"अभिनंदन दलबीर," ते म्हणाले. "आयुष्य किती ते माहीत नाही, पण कॉलर नक्की स्वच्छ निघेल."

आणि माझ्याकडे न बघताच, "लाड, पुढच्या खेपेला बिनवासाची आणा."

*

निळ्याचं आयुष्य मोजायची एक पेटी होती. काळा डबा, आत पेटलेला तुकडा आणि त्याच्यावर डोळा लावून बसलेलं एक सेन्सर. उजेड निम्म्यावर आला की तो तुकडा मेला असं धरायचं. पूर्ण विझेपर्यंत कोणी थांबत नाही. निम्मं झालं की मेला, हा नियम!

ज्याचा तुकडा मेला त्यानं समोसे आणायचे. ह्याला दलबीर "तेरहवीं" म्हणायचा. रुबिना फळ्यावर वेळ लिहायची, की जन्म सकाळी अकरा, मृत्यू अकरा चाळीस. पहिल्या वर्षी ती रडायची. दुसऱ्या वर्षी ती समोसे आधीच सांगून ठेवायला लागली. कॅन्टीनवाला तिला बघितलं की विचारायचा, "आज कौन गया, मॅडम?"

एकदा एक तुकडा लावल्या लावल्या फट करून गेला. पेटीचं झाकणसुद्धा लावलं नव्हतं.

दलबीर गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "इसका तो नाम भी नहीं रखा था."

त्या दिवशी रुबिनानं समोसे आणले नाहीत. "एवढ्या लहानाचं तेरावं नसतं काका," म्हणाली, आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ आली नाही.

*

मग सरांच्या पोटात गाठ निघाली.

सरांच्या मिसेस आधीच गेलेल्या, मुलगी परदेशात. हॉस्पिटलात बरोबर कोण जाणार? मी गेलो. डॉक्टर तरुण होता, लाजाळू. फाईल इकडून तिकडे करत होता. सरच म्हणाले, "बोला हो, किती वेळ?"

डॉक्टर म्हणाला, "सर, हर पेशंट अलग होता है. हम तो बस ॲव्हरेज…"

"ॲव्हरेज नको. माझ्यासारखे शंभर घेतले तर पन्नास कधी उरतात ते सांगा."

डॉक्टरनं चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि एक आकडा सांगितला. सरांनी खिशातून डायरी काढली आणि लिहून घेतला. वर "धन्यवाद" म्हणाले! मला घाम फुटला होता, आणि हा माणूस भाजीचा भाव टिपावा तसा टिपतोय!

रिक्षात बसल्यावर मी काहीच बोललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा. सरांनाच ते सहन होईना.

"तोंड काय पाडता लाड? आपल्या निळ्यापेक्षा हजारो पटींनी टिकाऊ आहे!"

मी हसलो. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. मग सर म्हणाले, "रुबिनाचं काय करायचं?"

खरी मेख तिथेच होती. रुबिनाला मिळायची तेवढी सगळी मुदतवाढ मिळून संपली होती. थीसिसवर गाईडची सही लागते. सर गेले तर तिला शेजारच्या लॅबमधल्या साहेबांकडे टाकणार, आणि ते तर येताजाता म्हणायचे, "ब्लू छोड़ो, कुछ और करो." म्हणजे पहिल्यापासून सुरू. म्हणजे सोलापूर.

"आत्ताच करून टाका ना सही," मी म्हटलं.

"कशावर? चाळीस मिनिटांवर?" सर म्हणाले. "निळा टिकू दे. आकडा येऊ दे. मग करतो."

*

आता माझा पराक्रम ऐका.

केमो सुरू झाल्यावर सर खुर्चीतून उठताना टेबल धरायला लागले. मला वाटलं, सरांना आणि रुबिनाला एक चांगली बातमी पाहिजे. कोणालाच दिसत नाही अशा जागी, पेटीच्या मागे, मी झाकण कागदाएवढं उचकटलं आणि फटीशी माझा टेबललॅम्प लावून ठेवला. सेन्सरला काय, उजेड तो उजेड! तुकडा विझत चाललाय आणि माझा लॅम्प त्याच्या नावानं हजेरी लावतोय.

पहिला दिवस गेला, निळा जिवंत. दुसरा दिवस, निळा जिवंत! रुबिनानं सोलापूरला फोन केला. तिकडे अब्बांनी गल्लीत पेढे वाटले. इकडे तिनं कपाटातलं उरलंसुरलं सगळं इरिडियम काढलं आणि त्याच पावडरीची मोठी बॅच लावून टाकली. सर पेटीसमोर खुर्ची टाकून बसले. दलबीर त्यांना सूप आणून देत होता. मी म्हटलं वा लाड, काय पुण्य कमावतोयस!

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सरांनी आलेख छापून मागितला. चष्मा कपाळावर सरकवून कागद नाकाशी धरला.

"रुबिना, हा तुझा निळा रोज दीड वाजता जेवायला जातो का ग?"

"म्हणजे सर?"

"हे बघ. दीडला एकदम खाली. बरोब्बर दोनला परत वर. तीनही दिवस. इतका वक्तशीर सरकारी कर्मचारी मी दिल्लीत पाहिला नाही."

रात्री लॅम्प चालू ठेवायचं मी आठवणीनं केलं होतं. पण जेवायच्या सुट्टीत जाताना माझ्या टेबलाच्या बोर्डावरचं मेन बटण बंद करायचं, ही चाळीस वर्षांची सवय! हात आपोआप गेला. तीनही दिवस.

दीड ते दोन जो उजेड दिसत होता, तोच खरा. म्हणजे निळा पहिल्या दिवशीच मेला होता. आम्ही अडीच दिवस मढ्यापुढे सूप पीत बसलो होतो.

मी म्हटलं, "सर, गंमत केली."

सर हसले. खोटं नाही सांगत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. दलबीरही हसला. रुबिना नाही हसली. मोठी बॅच वाया गेली होती, इरिडियम संपलं होतं, आणि नवीन मागवायचं तर सहीशिक्क्यांत दोन महिने.

मग ती म्हणाली, "काका, सरांची केमो काल होती."

मी सरांकडे बघितलं.

"गेलो नाही," सर म्हणाले. "निळा जिवंत होता ना!"

*

हिवाळा आला. सरांना थंडी सोसेना. दलबीरनं घरून एक ब्लँकेट आणलं, वाघाचं चित्र असलेलं, गाढवाच्या पाठीवर लादावं एवढं जड. हा दलबीर आम्हाला कायम चिडवायचा, "सर, आपके लोग हमारे यहाँ आए थे, वापस नहीं गए!"

सरांनी ब्लँकेट अंगावर ओढलं, वाघाला थोपटलं.

"अडीचशे वर्षांनी पानिपतनं भरपाई पाठवली," म्हणाले. "तीसुद्धा पॉलिस्टरची!"

दलबीर लगेच म्हणाला, "सर, इस बार वापस जाना है आपको. ज़िंदा."

सर म्हणाले, "पुण्याला? नको रे बाबा. तिथे ह्याहून जास्त टोमणे मारतात."

*

नवं इरिडियम येईपर्यंत दोन महिने रुबिना माझ्याशी बोलली नाही. भांडं हवं असलं की कागदावर चित्र काढून टेबलावर ठेवायची. एक दिवस आली आणि समोर उभी राहिली.

"काका, एक नळी पाहिजे. लांब. आणि कुठेच जोड नको."

ही पावडर शुद्ध कशी करतात, तर काचेच्या लांब नळीत हवा काढून तापवतात. तिची वाफ होते आणि पुढे थंड जागी जाऊन बसते, घाण मागे राहते. नळीला मध्ये जोड असतो, जोडाला ग्रीस असतं, आणि त्या ग्रीसचा वास लागला तरी निळ्याला मरायला निमित्त मिळतं. जोड नाही म्हणजे दर वेळी नळी वितळवून बंद करायची आणि दर वेळी फोडून पावडर काढायची. एक नळी, एक वापर. मी एकोणीस केल्या. एकही चेष्टा न करता! दलबीरनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

रुबिनानं आपल्या बाजूनं दुसरंच धाडस केलं होतं. रंग निळा व्हावा म्हणून सगळे त्या कार्बनच्या हातांना फ्लोरिन लावतात. तिनं तो काढूनच टाकला. "रंग तोच देतो काका, आणि तोडतोही तोच." त्याच्या जागी तिनं वेगळे, घट्ट पकडणारे हात लावले.

तुकडा पेटीत गेला. मी हात मागे बांधून लांब उभा राहिलो. पेटीला रुबिनानं कुलूप घातलं होतं!

दिवस गेला. आठवडा गेला. निळा जिवंत. दुपारी जेवायलासुद्धा जाईना! सर तोवर हॉस्पिटलात भरती झाले होते. रोज भेटायच्या वेळेला रुबिना आकडा घेऊन जायची. "सर, नव्वद टक्के." "सर, शहाऐंशी." पुढच्या महिन्यात, "सर, एकाहत्तर."

आणि मग आमच्या ध्यानात आलं. आयुष्याचा आकडा निम्म्यावर आल्याशिवाय मिळत नाही. निळा निम्म्यावर यायला तयार नाही. आणि सर तर घाई करत होते.

दलबीर म्हणाला, "मॅडम, करंट बढ़ा दो. जल्दी मरेगा, हिसाब लगा लेंगे." जगात सगळे तसंच करतात म्हणे. सरांना विचारलं तर त्यांनी मान हलवली. आवाज खोल गेला होता. "दामटून मारलेल्याचं आयुष्य मोजायचं नाही. आपल्या पायांनी येऊ दे."

पाच वर्षं जी पोरगी निळ्यानं जगावं म्हणून जीव टाकत होती, ती आता पेटीसमोर बसून पुटपुटायची, "मर ना रे. मर ना."

*

शेवटचा किस्सा.

फेब्रुवारी होता. रुबिना आणि मी दुपारी हॉस्पिटलात गेलो. थीसिस बांधून तयार, गाईडच्या दाखल्याचं पान वर ठेवलेलं. सर उशीवर हाडं ठेवावीत तसे पडले होते.

"किती?"

"एक्कावन्न, सर," रुबिना म्हणाली.

मी तिच्या चपलेवर चप्पल दाबली. तिनं पाय काढून घेतला.

सर म्हणाले, "मग सही उद्या. फाईल राहू दे इथे."

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी तिच्यावर उखडलो. "पन्नास म्हणायला काय जात होतं तुझं? एक टक्का! उद्या कुणी बघितलाय?"

"तुम्ही म्हणाला असतात काका, तर त्यांनी विश्वास ठेवला नसता," ती म्हणाली. "मी म्हटलं असतं तर ठेवला असता. म्हणून नाही म्हटलं."

सकाळी सातला हॉस्पिटलातून फोन आला.

आम्ही तिघं गेलो. दलबीर दरवाज्याशीच खाली बसला. केरळची एक नर्स होती, तिनं फाईल आणून रुबिनाच्या हातात दिली. दाखल्याच्या पानावर सरांची सही होती. वाकडी, पण त्यांचीच. खाली तारीख आजची.

"कल शाम को किया," नर्स म्हणाली. "मैंने बोला सर, डेट गलत है. वो बोले, नहीं सिस्टर, ठीक है."

त्याच दिवशी अकरा वाजून वीस मिनिटांनी पेटीत निळा पन्नासवर आला. फळ्यावर वेळ दलबीरनं लिहिली. समोसे कोणी आणले नाहीत.

पुढच्या आठवड्यात रुबिना थीसिस जमा करायला ऑफिसात गेली. मी बरोबर होतो. बाबू पान बघत राहिला. मग त्यानं भिंतीवर लावलेला शोकसभेचा कागद बघितला आणि परत पान बघितलं.

"मॅडम, ये तो उसी दिन की तारीख है, जिस दिन प्रोफेसर साहब गुज़रे."

"जी."

"सुबह ही गुज़रे थे ना? तो साइन कब किया? आपके सामने किया?"

मी पुढे झालो. चाळीस वर्षं ह्या इमारतीत थापा मारल्यात, एक थाप आणखी! तोंड उघडलं सुद्धा. तेवढ्यात रुबिनानं माझ्या दंडावर हात ठेवला आणि मला मागे सारलं.

"हाँ जी," ती बाबूच्या डोळ्यांत बघत म्हणाली. "मेरे सामने. पचास होने के बाद."

"पचास क्या?" बाबूनं विचारलं.

रुबिनानं पान बोटभर त्याच्याकडे सरकवलं. त्यानं शिक्का उचलला.